गाडीचं दार उघडण्याआधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, 'सायकलवाले आणि गाडीवाले'. म्हणाले, "सर, तुम्ही दोन्ही चालवता, तुम्हीच बोला." जेवणाच्या आधीचं भाषण आहे याची जाणीव ठेवून बोलतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा पार्किंगमध्ये सायकली आणि लुना होत्या. चारचाकी आली की लेकरं बघायला धावायची. आज चारचाकी लावायला जागा नाही म्हणून भांडणं होतात आणि सायकली जिन्याखाली धूळ खात पडल्यात. मी गावाकडे भाड्याच्या सायकलवर कैची मारत शिकलो. शाळेत विज्ञान शिकवलं आणि नोकरीभर बिंदुसरेचा पूल सायकलवरच ओलांडला. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली. मग रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी पुन्हा सायकलवर बसवलं.

त्यामुळे एक गोष्ट नीट कळली. सकाळी सायकलवर असतो तेव्हा मागून हॉर्न वाजवणाऱ्या गाडीवाल्याला मी मनातल्या मनात शिव्या देतो. दुपारी गाडीत असतो तेव्हा पुढे रेंगाळणाऱ्या सायकलवाल्याला देतो. माणूस तोच, बार्शी रोड तोच. फक्त बसायची जागा बदलली.

दोघांच्याही तक्रारी खऱ्या आहेत. गाडीवाला म्हणतो, सायकलला दिवा नाही, उलट्या बाजूने येतात, कानात वायर घालून हात न दाखवता वळतात. बरोबर आहे. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. आपली माणसं दरवर्षी ऊसतोडीला जातात. उसानं भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली अंधारात मागून दिसत नाही आणि होत्याचं नव्हतं होतं. रिफ्लेक्टरची लाल पट्टी किती स्वस्त आहे आणि ती नसली तर किती महागात पडतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? सायकललाही तीच पट्टी हवी.

सायकलवाल्याचंही ऐका. "कडेनं चालव ना!" असं आपण सहज म्हणतो. कडेला काय असतं? वाळू, खडी, नालीचं तुटलेलं झाकण आणि उभ्या गाड्या. सायकलचं चाक बोटभर रुंद, वाळूवर घसरतंच. खड्डा चुकवायला तो हातभर आत येतो, तो मस्तीनं नव्हे. म्हणून ओलांडताना एक-दीड मीटर अंतर सोडायचं. तेवढी जागा नसेल तर मागे थांबायचं. फार तर अर्धं मिनिट जातं.

कोणी म्हणतं, सायकलवाले टॅक्स कुठे भरतात? पूर्वी कितीतरी नगरपालिका सायकलवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायच्या. जुन्या मंडळींना आठवत असेल. आणि गावातला रस्ता काही नुसत्या गाड्यांच्या करातून होत नाही, सगळ्यांच्याच पैशातून होतो. कायदाही स्पष्ट आहे. 2017 च्या वाहनचालकांच्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य सांगितलंय.

असं का, ते विज्ञानाचा मास्तर म्हणून सांगतो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच गाडी एवढं अंतर कापते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. गाडीचं वजन हजार किलो, सायकल आणि माणूस मिळून ऐंशी. चूक दोघांचीही होऊ शकते, पण हाड एकाचंच मोडतं. ज्याच्या हातात जास्त वजन, त्याच्याकडे जास्त जबाबदारी.

आता जे सांगणार आहे, ते सेक्रेटरींनाही माहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, सकाळी सहाच्या सुमारास, आपल्या गेटबाहेर एक पेपरवाला पोरगा पडला होता. तुमच्यापैकी बरेच जण स्वेटर घालून खाली आले होते. हिला गाडीवर सोडून मी नुकताच परतलो होतो. गाडी कडेला लावली आणि मागे न बघता दार उघडलं. पोरगा दारावर आदळला आणि पेपर रस्त्यावर पसरले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "बघून चालव ना!" तुम्ही सगळे माझ्या बाजूनं उभे राहिलात. सर म्हणतात म्हणजे खरंच असणार. पोरगा उजवा हात पोटाशी धरून म्हणाला, "चुकलं सर." आणि मग, "पेपर दवानं भिजतील हो."

त्याचं मनगट मोडलं होतं. औषधपाण्याचा खर्च मी केला आणि त्याबद्दल तुम्ही माझं कौतुकही केलंत. पोरगा बारावीला होता, विज्ञान शाखेला. फेब्रुवारीत हात प्लास्टरमध्ये, म्हणून पेपर लिहायला लेखनिक घ्यावा लागला. भौतिकशास्त्राच्या आकृत्या त्यानं तोंडानं सांगितल्या आणि दुसऱ्यानं काढल्या. आयुष्यभर फळ्यावर त्याच आकृत्या काढलेला माणूस मी. त्या दिवसापासून मला स्वस्थ झोप नाही. नंतर त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या सर, तुम्ही आलात तेच खूप झालं." पण तुम्हाला मात्र सांगितलं नाही.

आणि त्याच महिन्याच्या सभेत आपण ठराव केला: पेपरवाले, दूधवाले यांनी सायकली गेटबाहेर ठेवून पायी आत यावं. मी त्या सभेत होतो. हातही वर केला. आज तीन वर्षं ती पोरं दुधाचे कॅन आणि पेपरचे गठ्ठे उचलून मागच्या विंगपर्यंत चालत जातात, उशीर झाला म्हणून आपलीच बोलणी खातात. चूक माझी होती आणि शिक्षा ती भोगतायत.

आणखी एक सांगतो. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण 1971 मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं मेली आणि त्यांत 400 हून जास्त लहान मुलं होती. आई-बाप रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे रस्ते बदलू लागले. तिथे गाडीचं दार लांबच्या हातानं उघडायची पद्धत आहे. म्हणजे आपल्याकडे चालकानं डाव्या हातानं. करून बघा. खांदा वळतो, मान वळते आणि मागचा रस्ता आपोआप दिसतो. मला ही गोष्ट त्या सकाळी माहीत असती तर!

तर माझ्या तीन विनंत्या.

पहिली, सोसायटीतल्या प्रत्येकानं डाव्या हाताची ही सवय लावून घ्यावी. डाव्या बाजूला बसणाऱ्यांनी उजव्या हाताची. लेकरांना आजच शिकवा, ती आपल्याला आठवण करून देतील.

दुसरी, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हातात स्कूटीची किल्ली देऊ नये. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो आणि आपल्या बहुतेक स्कूट्या 100 सीसीच्या वर आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. क्लास जवळच असेल तर सायकल द्या. जिन्याखाली आहेतच. फक्त मागे लाल पट्टी, पुढे दिवा आणि घंटी लावून द्या.

तिसरी, तो ठराव मागे घ्यावा. पुढच्या सभेत मी तसा अर्ज देणार आहे. कारणाच्या रकान्यात माझंच नाव लिहीन.

तो पोरगा आता नोकरीला लागलाय. परवा गेटवर भेटला, मोटरसायकलवर होता. माझ्या सायकलमागे हळू झाला, हॉर्न वाजवला नाही, जागा सोडून पुढे गेला आणि हात केला.

जेवण थांबलंय. एवढं बोलून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!