डबा घरचा, बिअर तळघरातली

आपल्याकडे बहुतेक उपाहारगृहांत एक पाटी असते, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत'. जर्मनीतल्या म्युनिक शहरात मात्र अशा बागा आहेत, जिथे लोक घरून टोपली भरून जेवण घेऊन येतात, लाकडी टेबलावर स्वतःचं कापड अंथरतात, पाव कापतात, चीज मांडतात आणि मालकाकडून फक्त बिअर विकत घेतात. कुणी त्यांना हटकत नाही, उलट या रिवाजाला राज्य सरकारच्या नियमावलीचा आधार आहे. या बिअरबागांची आणि तिथल्या डब्याची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

या गोष्टीच्या मुळाशी आहे गारवा. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात रुजलेल्या बिअरचं यीस्ट पिंपाच्या तळाशी बसून सावकाश काम करतं. त्याला दहा अंशांच्या खालचं तापमान मानवतं. उन्हाळ्यात बनवलेली बिअर हमखास बिघडायची आणि भट्ट्या पेटत्या ठेवल्या की आगीची भीती असायची. म्हणून सोळाव्या शतकातच तिथल्या राज्यकर्त्यांनी ठरवून दिलं, की बिअर बनवायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात. मग उरलेल्या पाच महिन्यांची बेगमी करणं आलं. मार्च महिन्यात जरा कडक बिअर बनवून ती थंड तळघरात साठवायची, हा त्यावरचा उपाय.

म्युनिकमध्ये जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी लागतं. त्यामुळे बिअर बनवणाऱ्यांनी इझार नदीच्या उंच काठात तळघरं कोरली. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून तो आत रचला. वरच्या जमिनीवर ऊन पडू नये म्हणून चेस्टनटची झाडं लावली. या झाडाची पानं रुंद, सावली दाट आणि मुळं उथळ, त्यामुळे तळघराच्या छताला धक्का लागत नाही. खाली बारीक खडी पसरली. आज पर्यटक ज्या सावलीचे फोटो काढतात, ती मुळात माणसांसाठी नव्हती, पिंपांसाठी होती. पण सावली तिथे माणूस येतोच. उन्हाळ्यात लोक तळघरावर बिअर आणायला जायचे, ते तिथेच झाडाखाली बसू लागले. बिअरवाल्यांनी बाकं टाकली, टेबलं मांडली आणि हळूहळू खायलाही द्यायला लागले.

इथे भांडण पेटलं. शहरातल्या खानावळवाल्यांची गिऱ्हाइकं संध्याकाळ झाली की नदीकाठाकडे चालू लागली. त्यांनी राजाकडे तक्रार नेली. बव्हेरियाचा राजा पहिला माक्सिमिलियान योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी हुकूम काढला. बिअर बनवणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर या महिन्यांत आपल्या तळघरावर आपली मार्चची बिअर किरकोळीने विकावी, सोबत पाव द्यावा. बाकी कुठलंही खाणं आणि दुसरं कुठलंही पेय देण्याला सक्त मनाई. मला हा निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. बिअरवाल्यांची विक्री राहिली, खानावळवाल्यांच्या चुली राहिल्या, आणि ज्याचं नावही या भांडणात नव्हतं, त्या गिऱ्हाइकाला एक मोकळीक मिळाली. खायला मिळत नाही ना, मग आपलं आपण घेऊन जाऊ.

तिथलं खाणं आणि तिथली बिअर यांची जोडी जमली ती यातूनच, असं माझं मत आहे. आजकाल कुठल्या पेयाबरोबर काय खावं यावर तज्ज्ञ जाड जाड पुस्तकं लिहितात. म्युनिकमध्ये हे काम टोपलीने केलं. टोपलीत काय टिकतं? जे गार झालं तरी चालतं, सांडत नाही, उन्हात लगेच नासत नाही ते. म्हणजे पाव, चीज, सुकवलेलं किंवा धुरावलेलं मांस, आणि मुळा. हो, आपला पांढरा मुळाच. तो सुरीने किंवा खास यंत्राने लांब, पातळ चकत्यांच्या सलग माळेसारखा कापायचा, मीठ चोळायचं आणि पाणी सुटेपर्यंत थांबायचं. मुळा रडला पाहिजे, असं तिथली माणसं म्हणतात. तिखटपणा उतरतो, खारटपणा उरतो, आणि त्यावर सोनेरी हेलेस बिअरचा घोट घेतला की तिच्यातली धान्याची हलकी गोडी जिभेला कळते.

दुसरा पदार्थ ओबात्स्दा. जुनं, मऊ पडलेलं कामाम्बेर चीज लोण्याबरोबर कुस्करायचं, त्यात पाप्रिका, कांदा, कुणी कॅरवेचे दाणे, कुणी थोडी बिअरच घालतं. उरलंसुरलं कामी लावणाऱ्या गृहिणीचा हा पदार्थ. तो चांगलाच तुपट असतो. तोंडातला तो तुपटपणा बिअरचे बुडबुडे आणि हॉप्सचा कडवटपणा साफ करतात आणि पुढच्या घासाला जीभ पुन्हा ताजी होते. सोबत खड्याचं मीठ लावलेला प्रेत्झेल हवा. भाजण्याआधी तो कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवतात, म्हणून त्याची साल तशी तपकिरी आणि चकचकीत होते.

गव्हाच्या बिअरचा, वाइसबिअरचा, थाट वेगळा. तिच्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण दोन्हींपैकी काहीही घातलेलं नसतं. तो सगळा यीस्टचा प्रताप. आपल्या पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्येही ही बिअर मिळते. म्युनिककर ती सकाळी वासराच्या मांसाच्या पांढऱ्या सॉसेजबरोबर आणि गोड मोहरीबरोबर घेतात. ते सॉसेज टिकाऊ नसल्यामुळे दुपारचे बारा वाजायच्या आत संपवायचं, असा जुना दंडक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकमधलेच प्राध्यापक कार्ल फोन लिंडे यांनी शीतयंत्र तयार केलं आणि स्पाटेन या बिअर कारखान्यात ते चाललंही. तळघरं, बर्फ, सावली, कशाचीच गरज उरली नाही. पुढे बागांमध्ये खाणंही विकलं जाऊ लागलं. तरी टोपल्या येतच राहिल्या.

त्या किती खोल रुजल्या होत्या, हे १९९५ मध्ये दिसलं. शहराच्या दक्षिणेला वाल्डविर्टशाफ्ट नावाची बाग आहे. गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांनी दावा लावला आणि न्यायालयाने बाग रात्री साडेनऊला बंद करायला सांगितलं. १२ मे १९९५ रोजी वीस हजारांहून अधिक माणसं म्युनिकच्या रस्त्यावर उतरली. शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्नही खरा होता, तो कुणी हसण्यावारी नेऊ नये. अखेर १९९९ च्या नियमावलीने मध्यममार्ग काढला. संगीत दहापर्यंत, बाग अकरापर्यंत. आणि बव्हेरियन बिअरबाग कशाला म्हणायचं, हे सांगताना सरकारने दोन खुणा नोंदवल्या. एक, तिचं बागपण. दुसरी, घरून आणलेलं खाणं तिथे विनामूल्य खाता येणं.

शिकायला किंवा नोकरीला म्युनिकला गेलेली मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांना आणि तिथे फिरायला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की हिर्शगार्टनला जा, तिथे आठ हजार माणसं बसतात, किंवा आउगुस्टिनर केलरला जा. टेबलक्लॉथ घातलेली टेबलं वेटरची असतात, ती सोडा. उघड्या लाकडी टेबलावर बसा आणि डबा खुशाल उघडा. भाजणीचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा हेलेसबरोबर उत्तम लागेल. बिअर घेत नसाल तर सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो. पेय मात्र तिथलंच विकत घ्या, दोनशे वर्षांपूर्वीच्या तडजोडीतला तो आपल्या बाजूचा वाटा आहे.