पाटीवरची कंपनी आणि कायद्यातली कंपनी

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात रिक्षाची वाट पाहत उभे राहायची वेळ आली, तर करायला एक चांगला उद्योग आहे. आजूबाजूच्या पाट्या वाचाव्यात. कुठे ‘अँड सन्स’, कुठे ‘ब्रदर्स’, कुठे ‘आणि कंपनी’, तर कुठे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘सहकारी संस्था मर्यादित’. अशा पाट्या तुमच्या तालुक्याच्या पेठेतही असतातच. आपण त्या वाचतो आणि विसरतो. पण त्या शब्दांमागे एक रोकडा प्रश्न आहे. धंदा बुडाला तर देणेकरी कुणाच्या दारात येणार?

एकट्याचे दुकान असेल तर उत्तर सोपे आहे. दुकान म्हणजेच मालक. गल्ल्यातला पैसा आणि घरातला पैसा कायद्याला एकच. त्याबद्दल अधिक बोलायला नको.

भागीदारीत मात्र माणसे फसतात, आणि तीही भली माणसे. समजा, दोघा साडूंनी मिळून चादरींचे चार यंत्रमाग बसवले. लिखापढी काही नाही. घरचीच माणसे, कागद कशाला? एकाने पाच लाख घातले, दुसऱ्याने पन्नास हजार. आता नफा कसा वाटायचा? तुम्ही म्हणाल, भांडवलाच्या प्रमाणात. तसे नाही. वेगळे काही ठरलेले नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा दोघांत समसमान वाटतो, आणि तोटाही. पुढे त्यांतल्या एकाने पेढीसाठी सहा लाखांचे सूत उधारीवर उचलले आणि तो हात वर करून बसला. सुताचा व्यापारी दुसऱ्याकडे येतो, तेव्हा ‘माझी निम्मी पाती, मी तीनच लाख देणार’ हे म्हणणे चालत नाही. व्यापारी सगळे सहा लाख एकट्याकडून वसूल करू शकतो. त्याचे शहरातले घर, बँकेतली ठेव, सारे त्यात येते. मग त्याने साडूच्या मागे लागून निम्मे वसूल करावेत. याला संयुक्त आणि पृथक् जबाबदारी म्हणतात. शब्द जड आहे, पण भार त्याहून जड.

दुसरी गोष्ट नोंदणीची. पेढी न नोंदवणे हा गुन्हा नव्हे. पण न नोंदवलेल्या पेढीने मुंबईच्या गिऱ्हाइकाला चादरी पाठवल्या आणि त्याने पैसे बुडवले, तर पेढीला त्या कराराच्या आधारे दिवाणी दावा लावता येत नाही. उलट तिच्यावर मात्र कुणीही दावा लावू शकतो. दावा लावल्यानंतर घाईने नोंदणी केली तरी तो दावा वाचत नाही. नोंदणी आधी हवी.

आणि हो, पाटीवर ‘आणि कंपनी’ लिहिल्याने कंपनी होत नाही बरं का. बहुधा ती साधी भागीदारीच असते. खरी कंपनी नोंदणीने जन्माला येते आणि जन्मताच कायद्याच्या दृष्टीने एक निराळी व्यक्ती होते. हे समजावायला शिक्षकांना परदेशी उदाहरण शोधायला नको. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा धडा सोलापूरच्याच गिरणीवरून सांगितला आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. सोलापूरकर तिला जुनी गिरणी म्हणत. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली, हजारो कामगार घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि गैरव्यवस्था व दुर्लक्ष हे कारण देऊन गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे दिला. एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. गिरणी घेतली म्हणजे माझी मालमत्ता घेतली, असे त्याचे म्हणणे. ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने निकाल लागला: गिरणी कंपनीची आहे, तुमची नव्हे, तुमचा आहे तो तुमचा भाग, आणि तो तर तुमच्याकडेच आहे. पाच न्यायमूर्तींपैकी दोघांचे मत मात्र वेगळे पडले.

इथे गोष्ट संपली नाही. या कंपनीचे अग्रहक्काचे भाग शंभर रुपयांचे होते, पण त्यांवर भरलेले होते पन्नासच. अग्रहक्क म्हणजे लाभांशाच्या वाटणीत पहिला मान. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेले पन्नास मागितले. एका भागधारकाने ही मागणीच बेकायदा म्हणून दावा लावला. मुंबईत तो हरला. पण १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, भरपाई न देता कंपनीची मालमत्ता हिरावणारा तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, आणि मागणीही त्याबरोबर गेली. तुम्ही ध्यानात घ्यायचे ते असे, की रीतसर मागणी असती तरी भागामागे पन्नास रुपयांवर एक पैही त्याच्याकडून घेता आली नसती. पाटीवरचा ‘लिमिटेड’ म्हणजे नेमके हेच. गिरण्या बंद पडल्या, कायदे बदलले, पण हे तत्त्व २०१३ च्या कंपनी कायद्यातही कायम आहे. त्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येते. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारीही निघाली. वर सांगितलेल्या साडूंनी ती पाहायला हरकत नाही.

मात्र बँका हुशार असतात. छोट्या कंपनीला कर्ज देताना त्या संचालकांकडून वैयक्तिक जामीनही लिहून घेतात. त्या कागदावर सही झाली की लिमिटेडची भिंत त्या कर्जापुरती पडली.

सहकारी संस्था तुमच्या गावात दुधाची किंवा सोसायटीची असेलच. ती काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली निदान दहा माणसे लागतात. कंपनीत ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त. इथे शंभर भाग असोत की एक, मत एकच.

आता, ज्यांनी आधीच कुठल्या पेढीत पाती ठेवली होती आणि ‘मी केव्हाच बाहेर पडलो’ असे म्हणत स्वस्थ बसले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. तोंडी बाहेर पडणे पुरत नाही. जाहीर नोटीस दिली नसेल, तर ज्यांना तुम्ही भागीदार म्हणून माहीत आहात, त्यांच्याकडून पेढीने तुमच्यामागे केलेले कर्जही तुमच्या गळ्यात येऊ शकते. पेढी नोंदलेली असेल तर भागीदारी निबंधकाला कळवावे, राज्याच्या राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात नोटीस छापून आणावी, आणि तो अंक जपून ठेवावा.