दगडातलं अस्वल आणि दगडाचा हक्क
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



शाळेच्या पुस्तकात एस्किमो असायचा, बर्फाचं घर आन् कुत्र्यांची गाडी. ते लोक स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं. कॅनडाच्या पार उत्तरेला राहतात. तिथं शेती नाही. सील, वॉलरस, देवमासा यांच्या शिकारीवर जगत आले. त्यांच्या कोरीव जनावरांबद्दल आज बोलायचंय.

हे कोरणं लई जुनं. इनुइटांच्या आधी तिथं राहिलेल्या डॉर्सेट लोकांनी वॉलरसच्या सुळ्यातून बोटाएवढी पांढरी अस्वलं कोरली. काहींच्या अंगावर हाडांच्या रेघासुद्धा आहेत, कातड्याच्या आतलं दिसावं तशा. नुसत्या शोभेसाठी असं कोण करतं?

इनुइट मानतात, जनावराला आत्मा आहे. मान राखला नाही तर ते शिकाऱ्याला पुन्हा सापडत नाही. समुद्राच्या तळाशी त्यांची सेडना आहे. बापानं तिला होडीतून ढकललं, तिनं काठ धरला, तर त्यानं बोटं तोडली. त्या बोटांचे सील झाले, वॉलरस झाले, देवमासे झाले. माणसांनी नियम मोडले की तिचे केस गुंततात आन् ती जनावरं अडवून धरते. मग त्यांचा भगत खाली जाऊन केस विंचरतो. वाघदेवाला नारळ देणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुढं कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडला. १९४९ साली मॉन्ट्रियल शहरात या कोरीवकामाची विक्री झाली, तिथून दगडाची मोठी अस्वलं बाजारात जाऊ लागली. काही शिकलेले म्हणतात, ही खरी परंपरा नव्हे. मला पटत नाही. जनावर ओळखणारा डोळा तर तोच! १९५९ साली केप डॉर्सेट गावात त्यांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

आता मुद्दा. १९९३ साली नुनावुतचा जमीन-करार झाला. सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन इनुइटांच्या मालकीची झाली. बदल्यात बाकीच्या जमिनीवरचा मूळ दावा सोडावा लागला, हेही लपवायचं नाही. पण त्या करारात कोरायच्या दगडाचं कलम आहे: सरकारी जमिनीवरून एका इनुइट माणसाला दरसाल ५० घनयार्डांपर्यंत दगड बिनपरवाना नेता येतो. आन् इथं नांगराला लाकूड आणलं तरी गार्ड पावती मागतो.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यानं यादी आणावी. देवासाठी, घरासाठी, वाद्यासाठी कुठलं लाकूड, कुठला दगड, कुठला बांबू लागतो, तो कोणत्या रानातून येतो. म्हाताऱ्यांना विचारून लिहा. जागेची नावं आपल्या बोलीतलीच ठेवा.