डब्यातला उन्हाळा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेमका त्याच दिवसांत आखाड्यावरचा सौर पंप बंद पडतो. पॅनल चांगले, मोटार चांगली. मिस्त्री कंट्रोलरचा डबा उघडतो आणि म्हणतो, "कंडेन्सर गेला." हा कंडेन्सर, म्हणजेच कपॅसिटर, उन्हाला का भितो?

पॅनलची वीज एकाच दिशेने वाहते. मोटारीला मात्र दिशा बदलणारी वीज लागते. कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून हा बदल घडवतो. ही ओढाताण सांभाळायला मध्ये साठा लागतो. विहीर आणि ठिबक यांच्यामध्ये जसा हौद, तसा हा कपॅसिटर. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि कागद यांची गुंडाळी असते. कागद एका द्रवाने भिजवलेला असतो. उष्णतेने हा द्रव हळूहळू उडून जातो. तो आटला की साठा घटतो, आतला अडथळा वाढतो, कपॅसिटर आणखी तापतो आणि शेवटी त्याचे डोके फुगते.

साधा हिशेब आहे. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. त्या त्या तापमानाला दोघांचेही आयुष्य २,००० तास धरू. पत्र्याच्या खोलीत, चालू यंत्रात कपॅसिटर ६५ अंशांवर गेला, तर ८५ वाला ८,००० तास टिकेल, १०५ वाला ३२,००० तास. वर्षभर तेच तापमान आणि रोज ८ तास पंप धरला, तर पहिला पावणेतीन वर्षांत संपेल. दुसरा अकरा वर्षे जाईल.

म्हणून दुरुस्तीच्या वेळी क्षमता आणि व्होल्ट जुळले एवढ्यावर समाधान मानू नका. १०५ चा आकडा वाचा, तासही विचारा. असे कपॅसिटर परदेशातूनच येतात असे नाही. आपल्या नाशिकलाही अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात ते बनतात. काही यंत्रांत फिल्मचे कपॅसिटर असतात. त्यांत आटणारा द्रवच नसतो.

दुसरा उपाय बिनपैशाचा. डबा दुपारच्या उन्हात ठेवू नका. वर सावली करा, पण वारा कोंडू नका. हवेच्या झडपांवरची धूळ झाडा. आतले तापमान १० अंशांनी उतरले, तरी आयुष्य दुप्पट झाले!

एक मात्र लक्षात ठेवा. पंप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ जीवघेणी वीज साठलेली असते. डबा स्वतः उघडू नका. योजनेतला पंप हमीच्या मुदतीत असेल, तर तक्रार नोंदवा आणि कंपनीचाच माणूस बोलवा.

बैलाला आपण भर दुपारी झाडाखाली बांधतो. यंत्रालाही तेवढी सावली द्यावी, इतकेच सांगणे.