गिरणीच्या जागेवरचा बाजार

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब ही रेल्वे सुरू झाली. वर्धा–यवतमाळ–नांदेड या मोठ्या मार्गाचा हा पहिला टप्पा, जेमतेम चाळीस किलोमीटरचा. कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली आणि वर्ध्याहून पुढे नागपूर गाठणंही सोपं झालं. लग्नाचा बस्ता असो की दिवाळीचे कपडे, नागपूरच्या मोठ्या दुकानांचा विचार आता कळंब तालुक्यातल्या घराघरांत होतो. अशा वेळी त्या शहरातल्या एका मॉलचा इतिहास तपासून पाहण्यासारखा आहे. गांधीसागर तलावाजवळचा एम्प्रेस सिटी मॉल जुन्या कापड गिरणीच्या ज्या जमिनीवर उभा आहे, त्या जमिनीशी आपल्या भागातल्या कापसाचं शतकभराहून जुनं नातं आहे. माझं म्हणणं असं की, ते नातं समजून घेतल्याशिवाय मॉलने आपल्या जगण्यात नेमका काय बदल केला, हे कळणार नाही. पूर्वीचं शहर आपला माल घ्यायचं आणि आपल्याला माल विकायचंही. मॉलचं शहर आपल्याला फक्त विकतं.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि गिरणीसाठी नागपूर निवडलं, तेव्हा अनेकांना ते पटलं नव्हतं. कापड गिरणी म्हणजे मुंबई, हे त्या काळी ठरलेलं होतं. पण जमशेटजींचा हिशेब सरळ होता. कापूस वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या खोऱ्यात पिकतो, कोळसा वरोऱ्याला निघतो आणि रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोचली आहे. मग कापूस मुंबईला नेऊन त्याचं कापड पुन्हा इकडे का आणायचं? जुम्मा तलावाकाठची, म्हणजे आजच्या गांधीसागराकाठची, दलदलीची जागा भर घालून पक्की केली गेली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा इथेही गिरण्या आल्या. कळंबच्या आसपासच्या शेतकऱ्याचा कापूस आधी जिनिंगमध्ये जायचा, तिथे सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. या गाठींचा मोठा भाग मुंबईला आणि परदेशी जात असे हे खरं आहे. पण काही गाठींचं सूत आणि कापड जवळपासच्याच गिरण्यांत होऊ लागलं आणि त्या कामाची मजुरी याच प्रदेशात राहिली.

इथे पहिला आक्षेप येतो. तो काळ शेतकऱ्यासाठी सुखाचा होता का? मुळीच नव्हता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. युद्ध संपलं तसे भाव कोसळले, कर्ज मात्र अंगावर राहिलं. बाजारात दलाल आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा कापूस, त्यालाच तो भाव दिसत नसे. वजनात कट्टी, नाना नावांची कपात, मापाऱ्याची मर्जी, हे सारं ठरलेलंच. म्हणून तर १८८६ मध्ये कारंज्याचा बाजार सरकारी नियमांखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. आज देशभर दिसणाऱ्या बाजार समित्यांची सुरुवात आपल्या शेजारच्या या कारंज्यात झाली, ही गोष्ट आपल्या शाळांत ठळकपणे सांगायला हवी. त्या पहिल्या कायद्यातही व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला. तरीसुद्धा एक तत्त्व मान्य झालं: बाजाराची जागा खासगी मर्जीवर चालणार नाही, तिथे माल आणणाऱ्याचाही हक्क असेल. जुन्या बाजारात लूट होती, पण उत्पादकाला तिथे पाय ठेवायला जागा होती, म्हणूनच तो न्याय मागू शकला.

आता गिरणी कशी गेली ते पाहू. मॉलने गिरणी घालवली असं म्हणणं चुकीचं ठरेल. यंत्रं जुनी होत गेली, यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं, कृत्रिम धागा आला. मुंबईत १८ जानेवारी १९८२ पासून गिरणी कामगारांचा संप झाला आणि त्यानंतर तिथल्या गिरण्यांची जी वाताहत झाली ती सर्वांना ठाऊक आहे. नागपुरात टाटांनी १९८६ मध्ये एम्प्रेस सोडली, राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवायला घेतली, पण काही वर्षांनी तीही बंद झाली. उरली शहराच्या मध्यावरची जमीन. तिची किंमत आता तिथे काय विणलं जातं यावर ठरत नव्हती, तिथून किती माणसं ये-जा करतील यावर ठरत होती. मुंबईत परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर हेच घडलं. एम्प्रेसची जमीन विकली गेली आणि २०१० च्या सुमारास तिथे मॉल उघडला. पुढे बँकांच्या कर्जप्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाने २०१९ मध्ये सुमारे ४८३ कोटी रुपयांच्या या मालमत्तेवर टाच आणली. म्हणजे गिरणी गेली म्हणून आलेली संपत्तीही भक्कम पायावर उभी होती, असं म्हणता येत नाही.

मॉल ही कल्पना मुळात अमेरिकेतली. व्हिएन्नाहून तिकडे गेलेले वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन यांनी मिनेसोटातल्या एडिना गावी साउथडेल हा संपूर्ण छताखालचा पहिला मॉल रचला आणि तो १९५६ मध्ये उघडला. दुकानांभोवती घरं, दवाखाना, शाळा असं पूर्ण गावच वसावं, ही त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात भोवती गाड्या उभ्या करायची मैदानं पसरली आणि उतारवयात त्यांनी स्वतःच मॉलच्या या वाढीशी संबंध नाकारला. आपल्याकडे मुंबईत १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला, तेव्हा काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच मोकळा प्रवेश होता, बाकीच्यांना शुल्क. ही अट फार टिकली नाही, पण मॉलचा स्वभाव तिच्यातून कळतो. इथली सारी जागा एका मालकाची असते. ज्या बड्या दुकानामुळे गर्दी येते, त्याला सवलतीचं भाडं मिळतं आणि त्या गर्दीच्या भरवशावर लहान दुकानांकडून जास्त घेतलं जातं. भाडं, देखभालखर्च, वीज हे सगळं महिन्याच्या महिन्याला भरणारा आत टिकतो. आठवडी बाजारात बाई सकाळी भाजीची टोपली घेऊन येते, दिवसाची वसुली भरते, संध्याकाळी विकून घरी जाते. मॉलमध्ये तिला गिऱ्हाईक म्हणून प्रवेश आहे, विक्रेती म्हणून नाही.

यावर कुणी म्हणेल की मॉलने रोजगार दिले, छापील किंमत दिली, मुलींना निर्धास्त फिरता येईल अशी उजेडाची, स्वच्छ जागा दिली. हे सारं खरं आहे आणि ते हलकं मानू नये. वैशाखाच्या उन्हात थंड जागी बसायला मिळणं ही विदर्भात छोटी गोष्ट नाही. पण गिरणीतला रोजगार कापसाच्या भावाशी बांधलेला होता. गिरणी चालली तर गाठींना जवळचं गिऱ्हाईक होतं. मॉलमधल्या रोजगाराचा या भागाच्या पिकाशी असा कुठलाच धागा नाही. तिथे विकला जाणारा सुती सदरा तिरुपूरचा असतो किंवा बांगलादेशातला, आणि त्याच्या किमतीतला फारच लहान भाग आपल्या चुकाऱ्यात येतो. कुणी असंही म्हणेल की कापड उद्योग परत येतो आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ते उद्यान खरोखर इथलीच रुई घेऊन सूत कातू लागलं, तर माझ्या म्हणण्यातला मोठा भाग खोटा ठरेल आणि मला त्याचा आनंदच होईल.

पण त्यासाठी आतापासून पाहायचं ते रेल्वेच्या दोन्ही दिशांकडे. प्रवासी गाडी माणसांना खरेदीला घेऊन जाते. मालगाडीसाठी धक्का लागतो, गोदाम लागतं, गाठी चढवायची सोय लागते, आणि स्थानकाजवळची जमीन घरांच्या आणि दुकानांच्या भावाने विकली गेल्यावर ती परत मिळत नाही, हे एम्प्रेसच्या जागेवरून दिसलंच आहे. कळंबच्या स्थानकालगत काय उभं राहणार, हे अजून ठरवता येण्यासारखं आहे. बाजार समिती, नगर पंचायत आणि रेल्वे यांनी एकत्र बसून तिथे कापसासाठी आणि सोयाबीनसाठी मालधक्क्याची जागा राखून ठेवावी, तीही लाइन पुढे यवतमाळला सरकण्याआधी.