नव्या यंत्राच्या अंगी जुने यंत्र
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



 मी गणित-विज्ञान शिकवणारा शाळामास्तर, वक्ता नव्हे. तेव्हा वर्गात बोलतो तसेच बोलेन. आपण तेवढे सांभाळून घ्यावे.

विषय निवडण्याचे कारण आधी सांगतो. सन २००२ मध्ये मी नोकरीला लागलो, तेव्हा शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांना बेळगावच्या पावसाची ओल लागून वाळवी धरली होती. मुख्याध्यापकांनी ती माझ्याकडे दिली. मी सुट्टीत बसून त्यांतील नोंदी संगणकावर उतरवल्या, तीन फ्लॉप्यांवर घेतल्या आणि कपाटात ठेवल्या. काम झाले, या समाधानात वीस वर्षे गेली. कागदी रजिस्टरांचा मधल्या काळात भुगा झाला. २०२२ मध्ये एक वृद्ध माजी विद्यार्थी जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आले. त्यांचे निवृत्तिवेतन त्या एका तारखेवर अडले होते. मी मोठ्या ऐटीत फ्लॉपी काढली. ती वाचण्याचे साधन शाळेत उरले नव्हते. ते बाहेरून विकत आणले, तर ज्या प्रोग्रामात मी टंकलेखन केले होते तो नव्या संगणकावर चालेना. दुसऱ्या मार्गाने उघडून पाहिले, तर पडद्यावर मराठी अक्षरांऐवजी कंस, टिंबे आणि प्रश्नचिन्हे! नोंद होती, वाचणारे यंत्र नव्हते. म्हाताऱ्या माणसाने विचारले, "सर, मग आता कसं करायचं?" मला उत्तर देता आले नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोडीतील जुने दस्त आहेत, त्यांना ही अवस्था समजेल. कागद शाबूत, शाई स्पष्ट, आणि घरात वाचणारा कोणी नाही. संगणकाच्या जगात ही अडचण आपल्यापेक्षा फार मोठ्या लोकांवर, फार आधी येऊन गेली. त्यांनी तिच्यावर जो उपाय काढला, तोच आजचा माझा विषय.

साठ-पासष्ट वर्षांपूर्वी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र असे. त्याला मेनफ्रेम म्हणतात. आयबीएम कंपनीने १९५९ मध्ये १४०१ नावाचे यंत्र जाहीर केले आणि ते हजारोंनी खपले. त्याच्या स्मृतीत जास्तीत जास्त १६,००० अक्षरे मावत. आज आपण खिशातून दूरध्वनी काढून एक छायाचित्र घेतो, तेवढेसुद्धा त्यात राहिले नसते. तरी कारखान्यांचे पगार, विमा कंपन्यांचे हप्ते, बँकांची खाती त्यावर चालत. प्रोग्राम भोके पाडलेल्या कार्डांवर असत. एका कार्डावर ८० रकाने.

त्या काळची मोठी खोड अशी की, प्रत्येक यंत्राची आज्ञांची भाषा वेगळी. नवे यंत्र घ्यायचे म्हणजे सारे प्रोग्राम पुन्हा लिहायचे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम ३६० हे यंत्रांचे एक घराणेच जाहीर केले. लहान यंत्र घ्या वा मोठे, सर्वांची भाषा एक. कल्पना उत्तम, पण १४०१ वाल्यांनी विचारले, "आमच्या जुन्या कार्डांचे काय?" हा प्रश्न सुटला नसता, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात गेले असते. म्हणून ३६० घराण्यातील मॉडेल ३० या लहान यंत्राच्या पोटात सूक्ष्म आज्ञांचा असा संच बसवला की, ते यंत्र वेळ पडताच १४०१ सारखे वागू लागे. आणि तेही मूळ १४०१ पेक्षा जलद. या युक्तीला 'एम्युलेशन' आणि ती करणाऱ्या साधनाला 'एम्युलेटर' हे नाव आयबीएमच्याच मंडळींनी तेव्हा दिले. म्हणजे पाहा, हा उपाय निघाला तो इतिहास जपण्यासाठी नव्हे, गिऱ्हाईक टिकवण्यासाठी.

एम्युलेटर म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी बहुरूप्याचे उदाहरण देतो. बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात येतो. क्षणभर आपण दचकतो. पण त्याला खरोखर तपास करायला सांगितला, तर जमणार नाही. एम्युलेटर हा असा बहुरूपी आहे, ज्याला फौजदाराचे कामही तंतोतंत करता आले पाहिजे. दिसण्याला येथे किंमत नाही, वागण्याला आहे.

हे साधते कसे? सिस्टिम ३६० ची सारी वागणूक एका पुस्तकात लिहिलेली आहे. 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन' असे त्याचे नाव. कोणती आज्ञा आली असता यंत्राने काय करावे, हे त्यात कलमवार दिले आहे. तारा कशा जोडाव्या, हे नाही. एक आज्ञा घेऊ. त्या यंत्रात ० पासून १५ पर्यंत क्रमांकांचे सोळा कप्पे असतात. प्रत्येकात ३२ बिटांची एक संख्या राहते. '१ए ३४' अशी आज्ञा आली, तर '१ए' म्हणजे बेरीज कर, आणि '३४' म्हणजे तिसऱ्या कप्प्यात चौथ्या कप्प्यातील संख्या मिळव. शिवाय एक खूण ठेवायची असते: उत्तर शून्य आले तर ०, ऋण आले तर १, धन आले तर २, आणि कप्प्यात मावले नाही तर ३. आता आजच्या संगणकावर असा एक प्रोग्राम लिहा, जो सोळा कप्पे कागदावर मांडल्यासारखे आपल्या स्मृतीत मांडतो, जुनी आज्ञा वाचतो, तक्त्यात तिचा अर्थ पाहतो, तसे करतो, खूण ठेवतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. झाला एम्युलेटर. कार्डे वाचणाऱ्या यंत्राच्या जागी एक फाइल, छपाईयंत्राच्या जागी दुसरी फाइल, चकतीच्या जागी तिसरी. जुन्या प्रोग्रामला कळतही नाही की आपले घर बदलले आहे.

सांगायला सोपे, पण खाचखळगे पुष्कळ. पहिला अक्षरांचा. आजचे बहुतेक संगणक इंग्रजी मोठ्या 'ए'ला ६५ हा क्रमांक देतात; आयबीएमच्या मेनफ्रेमवर तो १९३ आहे. इतकेच नव्हे, आपल्याकडे क्रम लावताना अंक आधी आणि अक्षरे नंतर येतात. तेथे अक्षरे आधी, अंक नंतर. हे विसरलात तर यादीचा क्रम उलटापालटा होईल.

दुसरा संख्यांचा. चार खणांत १ लिहायचा, तर मेनफ्रेम तो शेवटच्या खणात ठेवते; आपल्या घरचा संगणक पहिल्या खणात. मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिणाऱ्याला याचे नवल वाटणार नाही: ओळ कोणत्या बाजूने सुरू होते हे ठाऊक असल्याशिवाय वाचायला बसू नये.

तिसरा पैशांचा. १ ला ३ ने भागले असता दशांश जसा संपत नाही, तसा एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत संपत नाही. म्हणून हिशेबासाठी मेनफ्रेम दशमान अंकच साठवते. १२५ ही संख्या '१२ ५सी' अशी ठेवतात. शेवटचा 'सी' म्हणजे धन, 'डी' असेल तर ऋण. एम्युलेटरने येथे हलगर्जी केली, तर कुणाच्या तरी खात्यात पैशाची चूक होईल. ज्याच्या खात्यात होईल, त्याला आपण काय सांगणार?

आता ही कामे कोणी केली ते सांगतो. बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये 'सिमएच' हा प्रकल्प सुरू केला; जुन्या यंत्रांची मोठी मालिका त्यात आहे, आणि १४०१ ही आहे. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये 'हर्क्युलिस' लोकांसमोर ठेवला. तो सिस्टिम ३७० आणि तिच्या पुढच्या पिढ्यांचे रूप घेतो. हर्क्युलिस फुकट मिळतो, आणि तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावरही चालतो. ज्या यंत्राला थंड हवेची खोली आणि पाळीपाळीने माणसे लागत, त्याचे काम विद्यार्थ्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात होते. मात्र यंत्र मिळाले म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. एमव्हीएस ३.८ सारखी जुनी कार्यप्रणाली मोकळेपणी वापरता येते. नव्या प्रणालींना कंपनीचा परवाना लागतो.

आपल्या देशाचाही या कथेशी संबंध आहे. आयआयटी कानपूरला १९६३ मध्ये आयबीएम १६२० आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आले. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. पण त्याआधीच पवईच्या आयआयटीत ईसी-१०३० हे रशियन घराण्याचे यंत्र आले होते, आणि ते घराणे सिस्टिम ३६० च्याच भाषेत बोलणारे होते. त्या पिढीतील किती तरी मराठी मुलांनी ओळीत उभे राहून आपली कार्डे खिडकीत दिली असतील. त्या कार्डांचे गठ्ठे कुणाच्या माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालू नका, एवढीच विनंती.

कोणी म्हणेल, मेलेल्या यंत्राचे एवढे कौतुक कशाला? पण सारेच मेलेले नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला. ती व्यवस्था जुन्या मेनफ्रेमवर, कोबोल भाषेत होती, आणि कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी राज्यपालांना जाहीर आवाहन करावे लागले. यंत्र चालू होते. जाणकार निवृत्त झाले होते. आज तरुणाला ही भाषा घरी बसून शिकायची, तर लाखो रुपयांचे यंत्र कोण देणार? ती सोय एम्युलेटर करतो.

तरी त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. तो पुस्तकावरून वागतो. पुस्तक हरवले, तर तोही मुका. आणि ज्या चकतीवरील खुणाच पुसल्या, तेथे जगातला कोणताही एम्युलेटर काही करू शकत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. माझा एक माजी विद्यार्थी सुट्टीला आला होता. त्याला फ्लॉपीची हकीकत सांगितली. त्याने आपल्या नव्या संगणकात एम्युलेटर घालून त्यात जुने विंडोज ९८ उभे केले, माझा जुना प्रोग्राम आणि जुने टंक बसवले, आणि पडद्यावर माझ्याच हातची मराठी अक्षरे उमटली. त्या वृद्ध गृहस्थांची तारीख सापडली. दाखला घेताना त्यांनी माझा हात धरला, तेव्हा मला आनंदापेक्षा शरमच अधिक वाटली. कारण तिसरी फ्लॉपी वाचताच आली नाही. तिच्यातील मुलांच्या नोंदी गेल्या त्या गेल्या. त्यांतील कोणी उद्या दारात आले, तर त्यांना सांगायला माझ्याजवळ काही नाही. दोष यंत्राचा नाही. वीस वर्षांत एकदाही फ्लॉपी उघडून न पाहणाऱ्या माझा आहे.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षांत किती मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या, किती विधवा भगिनींना आधार दिला, त्याच्या याद्या आता संगणकावर गेल्या आहेत. विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे. नोंद जपाल, तशी ती वाचण्याचे साधनही जपा. कोणत्या प्रोग्रामात, कोणत्या टंकात लिहिले, हे साध्या कागदावर लिहून नोंदीसोबत ठेवा. प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि दरवर्षी हिशेब तपासणीच्या वेळी एका तरुण माणसाला जुन्यातली जुनी फाइल उघडून दाखवायला सांगा. उघडली तर ठीक. न उघडली, तर उपाय करण्याइतका वेळ अजून हाती असेल. मला तो राहिला नव्हता.