पुस्तकातले झाड आणि अंगणातले झाड

(दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुटीत घेतलेल्या अभ्यासवर्गात, पालक व हितचिंतकांच्या उपस्थितीत दिलेले भाषण)



परीक्षा जवळ आली आहे, म्हणून लांबण लावत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दोन पत्रिका, प्रत्येकी 40 गुणांच्या. दुसऱ्या पत्रिकेत जीवशास्त्र येते. त्यातला वनस्पतींचा भाग सोपा, असे सगळे म्हणतात. तरीही आपली बरीच मुले तिथेच अडखळतात. असे का होते ते आधी पाहू.

सातपुड्यातले मूल घरी पावरी किंवा भिली बोलते. शाळेत आल्यावर मराठी शिकते. आणि विज्ञानाचे पुस्तक उघडले की तिसरीच भाषा समोर येते : पर्णरंध्र, जायांग, बाष्पोच्छ्वास, भ्रूणपोष. मूल घाबरते आणि पाठ करायला लागते. प्रश्न पुस्तकातल्यासारखाच आला तर उत्तर येते. जरा फिरवून विचारला की पेन थांबते. पण याच मुलाला मोह कधी फुलतो, कोणत्या झाडाची साल कशी काढायची, कोणते कणीस भरले आणि कोणते पोचट राहिले, हे सांगावे लागत नाही. म्हणजे वस्तू ओळखीची आहे, नाव तेवढे नवे आहे. आज आपण उलट्या वाटेने जाऊ. आधी झाड पाहू, मग आपल्या बोलीत सांगू आणि शेवटी पुस्तकातले नाव लावू.

पहिला प्रश्न. आंब्याची कोय लावली, वीस वर्षांत झाड झाले. एवढे लाकूड आले कुठून? पुष्कळ जण सांगतील, मातीतून. मग झाडाखाली तेवढा खड्डा का पडला नाही?

सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी व्हॅन हेल्माँट नावाच्या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न धरला. त्याने एका कुंडीत सुमारे 90 किलो वाळवलेली माती तोलून घातली. तिच्यात सव्वादोन किलोचे विलो झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी दिले. पाच वर्षांनी झाड भरले जवळजवळ 77 किलो. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती घटली होती केवळ 57 ग्रॅमच्या आसपास. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर 1648 साली छापला गेला. त्याचे उत्तर अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे हवेत होते, आणि ते कळायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली. 1779 साली इंगेनहाउस याने दाखवले की झाडाचे हिरवे भाग उजेडात असतानाच प्राणवायू सोडतात.

आता पुस्तकातले वाक्य ऐका. हरितद्रव्य आणि सूर्यप्रकाश यांच्या मदतीने कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू व पाण्याचे सहा रेणू यांपासून ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा रेणू तयार होतात. याचे नाव प्रकाशसंश्लेषण. लाकडाची मोळी डोक्यावर घेता ना? तिच्यातला बहुतेक भार हवेतून आणि पाण्यातून आलेला आहे. ती जाळली की तोच कार्बन पुन्हा हवेत जातो आणि राख उरते मूठभर. ती राख म्हणजे मातीतून घेतलेले क्षार.

मग शेणखत कशाला घालायचे? भाजीत मीठ चिमूटभरच असते, पण त्यावाचून भाजी लागत नाही. तसे मातीतले नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम थोडेच लागतात, पण लागतातच. नायट्रोजन कमी पडला की हरितद्रव्य नीट बनत नाही आणि पान पिवळे पडते. म्हणून तर आपली माणसे ज्वारीत तूर घेतात. तुरीचे रोप हलक्या हाताने उपटून मुळे धुऊन पाहा. बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती कामात आहे. तिच्यात रायझोबिअम नावाचे जीवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात देतात. ‘सहजीवनाचे उदाहरण द्या’ असा प्रश्न आला, तर हेच लिहा.

दुसरा प्रश्न. झाड वाळवायचे असेल तर जुनी माणसे काय करतात? बुंध्याभोवती गोल फिरून साल काढून टाकतात. झाड लगेच मरत नाही. पाने कित्येक दिवस हिरवी राहतात. मग हळूहळू झाड वाळते. असे का?

झाडात दोन वाटा आहेत. एक वाट लाकडातून वर जाते. तिने मुळांनी घेतलेले पाणी आणि क्षार पानांपर्यंत पोचतात. तिचे नाव जलवाहिनी. दुसरी वाट सालीच्या आतल्या बाजूला असते. तिने पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत आणि बाकी सगळ्या भागांना जाते. तिचे नाव रसवाहिनी. साल गोल काढली की रसवाहिनी तुटते, पण जलवाहिनी शाबूत असते. म्हणून पानांना पाणी मिळत राहते आणि ती हिरवी दिसतात. खाली मुळे मात्र उपाशी राहतात. मुळे मेली की पाणी बंद, आणि मग झाड वाळते. हे एकदा कळले की कोणत्या वाहिनीतून काय जाते, याचा गोंधळ पुन्हा होणार नाही. औषधासाठी साल काढताना एकाच बाजूची अरुंद पट्टी काढावी, भोवताली काढू नये, असे जाणती माणसे सांगतात. त्याचे कारणही हेच.

आणि पाणी एवढ्या उंच चढते कसे? सकाळी एखाद्या पानेदार फांदीवर प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा. उन्हात तास-दोन तासांनी पिशवीत आतून थेंब दिसतील. पानाच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाणी वाफ होऊन बाहेर जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. वरून पाणी गेले की खालचे पाणी ओढले जाते. मुळांकडूनही थोडा रेटा असतो, तो मूलदाब. प्रयोगाला एक पैसा लागत नाही, आणि डोळ्यांनी पाहिलेले परीक्षेत विसरत नाही.

तिसरा भाग फुलाचा. पुस्तकात जास्वंदीसारख्या फुलाची आकृती असते. मी तुम्हाला मोहाचे फूल सांगतो.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून तुम्ही मोह वेचायला जाता. टोपलीत काय येते? पिवळसर, मांसल, गोड असा भाग. ते पूर्ण फूल नव्हे. तो पाकळ्यांचा जुळलेला घेर आहे, म्हणजे दलपुंज. खाण्याआधी आजी त्याच्या आतले केसांसारखे बारीक तंतू काढून टाकते. ते पुंकेसर. त्या सगळ्यांचा मिळून होतो पुमंग, म्हणजे फुलाचा नर भाग. आता मान वर करून फांदीकडे पाहा. तिथे तपकिरी निदलपुंज अजून आहे आणि त्यातून एक लांब दोरा बाहेर आलेला आहे. तो दोरा म्हणजे कुक्षीवृंत, त्याचे टोक म्हणजे कुक्षी आणि बुडाशी अंडाशय. हे तिन्ही मिळून जायांग, म्हणजे मादी भाग. झाले चार मंडलांचे फूल! दोन मंडले टोपलीत पडली, दोन फांदीवर राहिली. म्हणूनच खाली पडलेला मोह वेचल्याने फळ कमी होत नाही. फळ धरणारे अंडाशय वरच असते. रात्री गोड गरासाठी वटवाघळे येतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतात. याला परपरागण म्हणतात.

याच झाडावर एक फिरवलेला प्रश्न करता येतो. मोह फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळजवळ नसतात. पाने नाहीत तर प्रकाशसंश्लेषण कसे होईल? मग फुलात एवढी साखर कुठून आली? विचार करा. मागच्या हंगामात पानांनी केलेले अन्न खोडात आणि मुळांत साठवलेले असते, ते रसवाहिनीने फुलांकडे येते. वाहिनीचे काम कळलेले मूल याचे उत्तर पाठ न करता देईल.

आता मका. कणसाला जितके दाणे, तितके केस असतात. प्रत्येक केस एका दाण्याचा. शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग वाऱ्याने उडून त्या केसावर पडतात, परागनलिका केसातून आत उतरते आणि फलन होते. ज्या केसावर पराग पडलाच नाही, त्याची जागा कणसात रिकामी राहते. दातपडके कणीस दिसले की समजा, तिथे परागण चुकले. म्हणून मका एका लांब ओळीत लावण्यापेक्षा शेजारी शेजारी चार-पाच ओळींत लावावा.

परागनलिकेतून दोन नर युग्मके जातात. एक अंडपेशीला मिळते, त्याचा युग्मनज होतो आणि त्यापासून भ्रूण, म्हणजे पुढचे रोप. दुसरे युग्मक दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळते, त्यातून भ्रूणपोष होतो, म्हणजे रोपाची शिदोरी. याचे नाव द्विफलन. भिजवलेला मक्याचा दाणा उभा चिरा. टोकाकडचा छोटा फिकट भाग भ्रूण. बाकीचा पिठूळ भाग भ्रूणपोष. आपण भाकरी खातो ती बहुतांशी त्या शिदोरीची.

परीक्षेत होणारी एक चूक सांगून ठेवतो. ‘झाडे दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात’ असे पुष्कळ मुले लिहितात. झाडे श्वसन दिवसरात्र करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषण जोरात चालते, म्हणून ते लक्षात येत नाही, एवढेच.

उत्तर लिहिताना चार गोष्टी क्रमाने लिहा : नाव काय, झाडात कुठे, कसे घडते, आणि आपल्या पाहण्यातले एक उदाहरण. आकृती पेन्सिलीने काढा, मोठी काढा, नावे एका बाजूला सरळ रेषांवर लिहा. आकृती देखणी नसली तरी चालेल. रेष योग्य भागाला टेकली पाहिजे. पुस्तकातला शब्द अडला तर फोडून पाहा. पर्ण म्हणजे पान, रंध्र म्हणजे छिद्र. बाष्प म्हणजे वाफ. अर्धे अवघड शब्द असे फोडले की सोपे होतात.

पालकांनो, तुम्हाला वाचता येत नसले तरी तुम्ही या विषयाचे शिक्षक आहात. संध्याकाळी मुलाला विचारा, ‘आज काय शिकलास? आपल्या बोलीत सांग.’ त्याला सांगता आले तर ते परीक्षेतही लिहिता येईल. आणि मोहाखालचा पाला पेटवून जागा साफ करू नका, झाडूने झाडा. आगीत उद्याची रोपे जळतात. दहावीत शिकलेला मुलगा घरी येऊन हे सांगेल, तेव्हा त्याचे ऐका.

बंधुभगिनींनो, तुम्ही वह्या देता, गणवेश देता, त्याबद्दल मुले कृतज्ञ आहेत. या वेळी आणखी एक गोष्ट मागतो, आणि तिला पैसे फार लागत नाहीत. महिन्यातून एखादा शनिवार इथे या, एका मुलाशेजारी बसा आणि त्याला झाडाविषयी शिकवण्याऐवजी त्याच्याकडून शिका. तो बोलेल, तुम्ही विचाराल, आणि बोलता बोलता पुस्तकातला शब्द त्याच्या तोंडी बसेल. एखादे साधे भिंग आणलेत तर परागकोष, पुंकेसर, मुळावरचे केस सगळेच पाहता येईल. दहावीच्या या एका उंबरठ्यावरून कितीतरी मुले मागे फिरतात आणि ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या वाटेला लागतात. जी पार होतात, त्यांना कृषी पदविकेचे दार उघडते, बारावीनंतर परिचर्येचे. चार-सहा गुणांचा हा फरक आहे आणि ते गुण या मुलांच्या अंगणातच उभे आहेत.

मुलांनो, उद्या सकाळी पहिला तास वर्गात नाही. वही-पेन्सिल घ्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या मक्यात जमा. प्रत्येकाने एक कणीस सोलायचे, रिकाम्या जागा मोजायच्या आणि त्या का राहिल्या ते पाच ओळींत लिहायचे. आधी आपल्या बोलीत, मग पुस्तकाच्या भाषेत.